घड्याळाच्या पोटातला आकडा

आपल्याकडील जुन्या घरांत एक गंमत हमखास आढळते. कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात, मखमलीच्या तुकड्यात नाहीतर जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले एखादे घड्याळ असते. आणि ते कोठून आले असे विचारले, तर ते दुकानातून विकत आणले असे सहसा कोणी सांगत नाही. बडोद्याच्या घरात ते सयाजीरावमहाराजांनी दिलेले असते, इंदूरच्या घरात होळकरांच्या दरबारातून आलेले असते, आणि आम्हां मोगलाईतल्या माणसांच्या घरी ते प्रत्यक्ष हुजूरांकडून, नाही तर निदान एखाद्या अव्वल तालुकदाराकडून तरी मिळालेले असते. एवढी घड्याळे जर खरोखरच वाटली गेली असतील, तर संस्थानिकांना राज्य करण्यास सवड केव्हा मिळत होती, असा प्रश्न पडावा!

हे मी थट्टेने लिहीत असलो तरी थट्टा दुसऱ्याची नाही. असेच एक घड्याळ आमच्याही घरी आहे, आणि त्याच्यावरून गेल्या वर्षी आम्हां भावंडांत बोलणे तुटण्याची वेळ आली होती. त्या प्रकरणातून एक गोष्ट मला पटली. आपल्या वडीलधाऱ्यांच्या कथा आपण जितक्या जपतो, तितक्याच काळजीने त्यांच्या वस्तूंवरचे आकडे जपले पाहिजेत, आणि दोहोंत विरोध आला तर आकड्याचे आधी ऐकून घेतले पाहिजे.

आमचे मूळ गाव आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या दक्षिण तीरावर. नदीपलीकडे वऱ्हाड, अलीकडे मोगलाई. जमीन काळी, पीक कापसाचे. घरात मराठी, कचेरीत उर्दू आणि आठवड्याच्या बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी अशा तिन्ही भाषा चालत. माझे पणजोबा तेथे पटवारी होते. त्यांचे चांदीचे, अछोड्याचे, खिशात ठेवावयाचे ओमेगा घड्याळ माझ्या आत्याच्या ताब्यात आहे. आत्या आता पंचाऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी लहानपणापासून ऐकलेली कथा अशी: १९११ साली उस्मान अली खान गादीवर आले, त्या साली अव्वल तालुकदारसाहेबांचा मुक्काम आमच्या गावी पडला, आबांचे दप्तर पाहून साहेब इतके खूष झाले की त्यांनी आपल्या अंगरख्यातले घड्याळ काढून आबांच्या हाती ठेवले. पुरावा विचाराल तर आत्या घड्याळाचे मागचे झाकण उघडीत, आतले दुसरे झाकण दाखवीत आणि त्यावर कोरलेल्या ‘पॅरिस १९००’ या अक्षरांवर बोट ठेवीत. “१९०० सालचं घड्याळ आहे बाबा. त्या काळात आपल्या गावात असलं घड्याळ दुकानात मिळत होतं का, सांग बरं!” यावर कोण काय बोलणार?

प्रश्न उपस्थित झाला तो माझ्या चुलत भावामुळे. मुलीच्या शिक्षणासाठी त्याला पैशांची निकड होती. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी त्याला भेटला. नुसत्या घड्याळाला तो बेताचीच किंमत देत होता. परंतु ‘हे घड्याळ १९११ साली निजामाच्या अधिकाऱ्याने आमच्या पूर्वजांस इनाम दिले’ असे घरच्या वडील माणसाच्या सहीचे पत्र मिळाले, तर किंमत जवळजवळ दुप्पट करीन, असे त्याने सांगितले. आत्या सही करण्यास आनंदाने तयार होत्या. त्यांच्या दृष्टीने त्यात खोटे काहीच नव्हते. मला मात्र वाटले की पत्र देण्यापूर्वी घड्याळ एकदा जाणत्या माणसाकडून उघडून घ्यावे. भाऊ म्हणाला, “तुला आत्यावर विश्वास नाही का?” अशा प्रश्नाला घरात उत्तर नसते. तरीही मी घड्याळ घेऊन हैदराबादेस पत्थरगट्टीच्या एका गल्लीतील वृद्ध घडीसाजाकडे गेलो.

घडीसाजाने डोळ्याला भिंग लावले, दोन्ही झाकणे उघडली आणि आम्ही दोघे त्या यंत्राकडे पाहू लागलो. यंत्रावर एक आकडा बारीक पण स्वच्छ कोरलेला होता. तो ऐंशी लाखांच्या थोडा पुढचा होता. घडीसाज हसले आणि म्हणाले, “घडी झूट नई बोलती साहब, घडीवाले बोलते.”

वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशी घड्याळे असतील, म्हणून येथे थोडे सविस्तर सांगतो. घड्याळ उघडले की आकड्यांची एकच गर्दी दिसते, आणि कोणता आकडा कशाचा हे न कळल्यामुळेच बहुतेक गैरसमज होतात. सर्वांत महत्त्वाचा तो यंत्राचा अनुक्रमांक. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक यंत्राला ओळीने दिलेला हा आकडा असतो. दुसरा अनुक्रमांक बाहेरच्या केसचा. जुन्या खिशातल्या घड्याळांत पुष्कळदा हे दोन आकडे वेगवेगळे असतात, कारण केस आणि यंत्र यांची मोजदाद निराळी ठेवीत. ते वेगळे दिसले म्हणून लगेच कोणावर चोरीचा संशय घेऊ नये. तिसरा आकडा नमुन्याचा. तो एकाच तऱ्हेच्या हजारो घड्याळांवर सारखाच असतो आणि त्यावरून घड्याळाची जात कळते, व्यक्ती कळत नाही. चांदीच्या केसवर ०.८०० किंवा ०.९२५ असे आकडे दिसतात. हजार भागांत चांदी किती, एवढेच ते सांगतात. ‘१५ ज्युएल्स’ म्हणजे यंत्रातील खड्यांची संख्या. रेल्वेच्या घड्याळांवर जी.आय.पी., बी.बी.सी.आय. अशी अक्षरे आणि त्यांपुढे आकडा असतो. तो रेल्वेच्या सामानाच्या यादीतला, कारखान्याचा नव्हे. आणि झाकणाच्या आतल्या बाजूस सुईने ओरखडल्यासारखी जी बारीक अक्षरे असतात, ती दुरुस्त करणाऱ्या कारागिरांची खूण.

राहिले ते ‘पॅरिस १९००’. हे साल घड्याळाच्या जन्माचे नाही. १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ओमेगाला ग्रां प्री हे मोठे पारितोषिक मिळाले, आणि पुढे कित्येक वर्षे कंपनी आपल्या झाकणांवर ते अभिमानाने कोरीत राहिली. एखाद्या लोणच्याच्या बरणीवरील पदकाचे साल वाचून लोणचे त्याच साली घातले असे कोणी म्हणत नाही; घड्याळाच्या बाबतीत मात्र आपण तसे बेलाशक म्हणतो.

मग खरे साल कसे काढावयाचे? त्यासाठी त्या अनुक्रमांकाचा उपयोग. स्वित्झर्लंडमधील बील गावच्या ब्रांट कुटुंबाच्या कारखान्याने १८९४ साली एक नवे यंत्र काढले, त्याचे नाव ओमेगा. पुढे १९०३ साली कंपनीच त्या नावाने चालू झाली. तिच्या यंत्रांचे आकडे चढत्या क्रमाने गेले, आणि कोणत्या सुमारास आकडा कोठे पोहोचला होता याची कोष्टके आज सर्वत्र उपलब्ध आहेत. १९०२ च्या सुमारास वीस लाख, १९१२ च्या सुमारास चाळीस लाख, १९३५ च्या सुमारास ऐंशी लाख आणि १९४४ च्या सुमारास एक कोटी. म्हणजे ज्या वर्षी अव्वल तालुकदारांनी हे घड्याळ खिशातून काढून दिले असे आम्ही मानीत होतो, त्या वर्षी ते अस्तित्वातच नव्हते! ते निर्माण व्हावयास अजून सुमारे चोवीस वर्षे अवकाश होता.

कोणी म्हणेल, ही कोष्टके अंदाजी असतात. ते खरे आहे. कारखान्यात आकडे पुष्कळदा गठ्ठ्याने वाटून देत. एखादे यंत्र तयार होऊन दोन-तीन वर्षे कपाटात पडून राही. नंतर ते केसमध्ये बसे, बोटीने मुंबईस येई आणि तेथून कोणा दुकानदाराच्या काचेआड आणखी काही काळ बसे. म्हणून अनुक्रमांकावरून विक्रीचा दिवस सांगता येत नाही. परंतु ‘याच्या फार आधी नाही’ एवढे तो ठामपणे सांगू शकतो, आणि आमच्या कथेला तेवढेच पुरेसे होते.

प्रत्येक कंपनीची रीत थोडीथोडी निराळी आहे. सेंट इमिए येथील लाँजीन्सने आपल्या आकड्यांच्या हस्तलिखित नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत, आणि क्रमांक कळवला तर त्या वह्यांतून घड्याळाची माहिती काढून मिळते. जिनिव्हाच्या पाटेक फिलिप या १८३९ पासूनच्या पेढीतही यंत्राच्या व केसच्या क्रमांकावरून दप्तराचा उतारा देण्याची प्रथा आहे. रोलेक्सचा अनुक्रमांक जुन्या मनगटी घड्याळांत, पट्टा जेथे अडकतो त्या दोन शिंगांच्या मध्ये, सहाच्या आकड्याच्या बाजूला, पट्टा काढल्यावर दिसतो. बाराच्या बाजूला असतो तो नमुन्याचा क्रमांक. त्यातही खुबी अशी की १९५० च्या दशकाच्या मध्यास हा अनुक्रमांक दहा लाखांजवळ पोहोचल्यावर कंपनीने पुन्हा लहान आकड्यांपासून आरंभ केला. त्यामुळे सारखेच दिसणारे दोन आकडे वीस वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या दोन घड्याळांवर असू शकतात. १९८७ पासून रोलेक्सने आकड्यापूर्वी रोमन अक्षर घालावयास सुरुवात केली, आणि २०१० च्या सुमारापासून आकडे व अक्षरे अशी सरमिसळ केली की त्यावरून साल ओळखताच येऊ नये. नव्या घड्याळाचा आकडा आता ओळख पटवतो, वय सांगत नाही.

आपल्या लोकांच्या हातांत अधिक करून आली ती घड्याळे म्हणजे फाव्हर ल्यूबा आणि वेस्ट एंड. पहिल्या कंपनीचे पाऊल १८६५ साली हिंदुस्थानात पडले, दुसरीचे १८८० नंतरच्या दशकात. वेस्ट एंडच्या ‘मॅचलेस’ नावाच्या घड्याळांत लाँजीन्सची यंत्रे असत. तेव्हा तबकडीवर नाव एकाचे आणि आत यंत्र दुसऱ्याचे, असे दिसले तर दचकू नये. ते मुळातच तसे असू शकते. स्वातंत्र्यानंतर परदेशी घड्याळांच्या आयातीवर निर्बंध आले, चोरट्या मार्गाने माल येऊ लागला, आणि मग घड्याळाबरोबर पावती येईनाशी झाली. १९६१ पासून बंगळूरच्या एच.एम.टी.ने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने देशी घड्याळे काढली, त्यांतले ‘जनता’ घरोघर गेले. तोही कारखाना २०१६ साली बंद झाला. पावत्या गेल्या, दुकाने गेली. आता अशा घड्याळाची ओळख म्हणून त्याच्या पोटातला आकडा तेवढा उरला आहे.

येथपर्यंत वाचून कोणाचा असा समज होईल की आकडा मिळाला म्हणजे सत्य हाती आले. तसे नाही, आणि ही दुसरी बाजू सांगितल्याशिवाय माझे म्हणणे पुरे होणार नाही. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये जिनिव्हातील फिलिप्स या लिलावगृहात १९५७ सालच्या बनावटीचे म्हणून एक ओमेगा स्पीडमास्टर घड्याळ एकतीस लाख स्विस फ्रँकांहून अधिक किंमतीस गेले. २०२३ साली ओमेगा कंपनीने स्वतःच जाहीर केले की ते निरनिराळ्या जुन्या घड्याळांचे भाग जुळवून उभे केलेले होते, आणि त्यात कंपनीच्याच तीन माजी नोकरांचा हात होता. भाग जुने होते, आकडे होते, कागद होते. घड्याळ तेवढे खोटे होते. आपल्या मुंबईच्या बाजारातही जुन्या यंत्रांना नव्याने रंगवलेल्या तबकड्या आणि दुसऱ्याच केस चढवून विकण्याचा धंदा वर्षानुवर्षे चालत आला आहे. तेव्हा आकडा हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. त्याच्या साक्षीला दुसऱ्या कोणाची पुष्टी हवी.

आमच्या बाबतीत ती पुष्टी दोन ठिकाणांहून मिळाली. पहिली त्याच घड्याळात होती. घडीसाजांनी झाकण उजेडात तिरपे धरले आणि आतल्या ओरखड्यांतून एक खूण वाचली. ती कोणा जुन्या कारागिराने उर्दू आकड्यांत कोरली होती, ‘१३५२’. हे फसली साल. निजामाच्या राज्यात सरकारी व्यवहार फसली सनाने चालत, आणि त्या सनाचा वर्षारंभ ऑक्टोबरात होई. त्यात ५९० मिळवले की वर्षारंभाचा इसवी सन येतो. म्हणजे १९४२-४३ साली घड्याळ दुरुस्तीसाठी उघडले गेले होते. त्यापूर्वीची एकही खूण झाकणावर नव्हती. १९११ पासून रोज वापरलेले घड्याळ तीस वर्षे दुरुस्तीशिवाय चालले, हे मानणे कठीण.

दुसरी पुष्टी घरातच होती. मी गावी गेलो आणि माळ्यावरच्या पेटीतून पणजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या काढल्या. त्या मोडीत होत्या. आमच्या पिढीत मोडी कोणालाच येत नाही, म्हणून एका जाणकार गृहस्थांकडून त्या वाचवून घेतल्या. फसली १३४६ च्या माघात, म्हणजे १९३७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, एक ओळ सापडली: नागपूर मुक्कामी कापूस विकून आलेल्या रकमेतून चांदीचे घड्याळ एक, ओमेगा, रक्कम कलदारात दिली. कलदारात, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आमच्याकडे नाणे हाली सिक्क्याचे. नदीपलीकडे इंग्रजी मुलखात चाले तो कलदार रुपया, आणि शंभर कलदारांना एकशे सोळा-सतरा हाली मोजावे लागत. पणजोबांनी वहीत तो बट्टाही धरलेला होता. पुढे त्याच ओळीखाली, आश्चर्य वाटावे असा, घड्याळाचा क्रमांक त्यांनी मोडी आकड्यांत उतरवून ठेवला होता. तो यंत्रावरच्या आकड्याशी जुळला.

एकच घड्याळ, आणि त्याची तीन टिपणे तीन लिप्यांत: कारखान्याचा आकडा इंग्रजीत, दुरुस्तीचा उर्दूत, खरेदीचा मोडीत. आदिलाबादकडच्या आपल्या घरांचा इतिहास असाच तीन-चार लिप्यांत विखुरलेला आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद संस्थानचे तुकडे झाले. किनवट व राजुरा हे भाग तिकडे मुंबई राज्यात गेले आणि आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिले. पुढे २०१४ साली तेलंगण झाले आणि २०१६ साली जुन्या जिल्ह्याचेही चार जिल्हे झाले. दप्तर एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गेले. आजोबांना येणारी लिपी नातवाला येईनाशी झाली. अशा घरांत तोंडी कथांचे महत्त्व वाढावे यात नवल नाही. कागद वाचता येत नाही, तेव्हा माणूस आठवणीवर विसंबतो; आणि आठवणीला दरबारात नेऊन बसवण्याची फार हौस असते.

आता कठीण भाग. हे सारे आत्यांना सांगावयाचे कसे? भावाचे म्हणणे असे की सांगूच नये. “म्हाताऱ्या माणसाची समजूत मोडून तुला काय मिळणार? व्यापाऱ्याला कथा हवी आहे, आत्याला कथा प्रिय आहे, मला पैसे हवे आहेत. यात कोणाचे नुकसान?” या युक्तिवादाला जोर आहे हे मी नाकारीत नाही. घराघरांत अशा निरुपद्रवी कथा असतात आणि प्रत्येक कथेच्या मागे पोलिसासारखे लागणे हे काही सज्जनाचे लक्षण नव्हे. परंतु कथा ओसरीवर सांगणे निराळे आणि तिच्यावर सही करून तिची किंमत घेणे निराळे. पहिले कौतुक आहे. दुसऱ्याला फसवणूक म्हणतात. आणि त्या फसवणुकीखाली जी सही पडणार होती, ती घरातल्या सर्वांत प्रामाणिक बाईची.

मी आत्यांना वही दाखवली. मोडी ओळ त्यांना वाचता आली नाही, पण वडिलांकडून शिकलेले मोडी आकडे त्या ओळखत होत्या. भिंग घेऊन त्यांनी वहीतला आकडा आणि मी कागदावर उतरवून आणलेला घड्याळातला आकडा, दोन्ही एकेक करून ताडून पाहिले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे आबांनी स्वतःच्या कापसाच्या पैशानं घेतलं होय? मग हे आम्हाला कोणी कधी सांगितलं का नाही रे?”

हा प्रश्न माझ्या मनातून अजून जात नाही. आम्ही शंभर वर्षे एका साहेबाच्या औदार्याचे गोडवे गात आलो, आणि ज्याने बैलगाडीतून कापूस नदीपार नेला, तो विकला, बट्टा सोसला, आणि पन्नाशी उलटल्यावर आयुष्यात एकदा स्वतःसाठी चांगली वस्तू घेतली, त्या माणसाचे कर्तृत्व आम्ही आमच्याच हाताने पुसून टाकले. खोट्या मानाच्या कथेचे नुकसान कोणाला, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर हे आहे. नुकसान त्या पणजोबांचे झाले होते.

उलटही घडू शकते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. अब्राहम लिंकन यांच्या खिशातल्या घड्याळाविषयी अमेरिकेत एका कुटुंबात अशीच कथा चालत आली होती. यादवी युद्धाची पहिली तोफ १८६१ साली उडाली त्या दिवशी घड्याळ दुरुस्त करीत असलेल्या जोनाथन डिलन या कारागिराने आत गुपचूप मजकूर कोरला, अशी ती कथा. २००९ साली वॉशिंग्टनच्या संग्रहालयाने ते घड्याळ उघडले आणि मजकूर खरोखरच निघाला. शब्द मात्र कथेतल्याहून निराळे होते. गुलामगिरीविषयी जे वाक्य आपण लिहिले असे डिलन म्हातारपणी सांगत, ते तेथे नव्हते. कथेचा गाभा खरा, शब्द सजवलेले. घड्याळ उघडले म्हणून त्या कुटुंबाची आठवण खोटी ठरली नाही, उलट पक्की झाली. तेव्हा उघडण्याची भीती बाळगू नये.

आमच्या घड्याळाचे पुढे काय झाले ते सांगून टाकतो. पत्र दिले नाही. व्यापाऱ्याने किंमत खाली आणली आणि भावाने काही महिने माझ्याशी अबोला धरला. त्याची गरज खरी होती, म्हणून तो अबोला मला लागला. शेवटी आम्ही इतर भावंडांनी मिळून त्याच्या वाटणीची रक्कम, व्यापाऱ्याने नुसत्या घड्याळाला सांगितलेल्या भावाने, त्याला दिली. घड्याळ आत्यांकडेच आहे. सत्याची किंमत आम्हांला रोख मोजावी लागली, हे लपवण्यात अर्थ नाही.

वाचकांना माझे सांगणे थोडे आहे. आपल्या घरी जुने घड्याळ असेल तर ते स्वतः चाकूने उघडू नका. जाणत्या कारागिराकडून आपल्या डोळ्यांसमोर उघडून घ्या. यंत्राचा व केसचा, दोन्ही क्रमांक लिहून घ्या, त्यांचे छायाचित्र काढा, आणि झाकणातले ओरखडेही टिपा. चकाकी आणण्यासाठी केस घासून घेऊ नका. घासण्यात आकडे जातात आणि गेलेला आकडा पुन्हा येत नाही. दुरुस्तीला देताना क्रमांक पावतीवर लिहून घ्या, म्हणजे परत येते ते आपलेच यंत्र आहे याची खात्री करता येते. घड्याळ चोरीला गेले तर पोलिसांत ‘चांदीचे एक घड्याळ’ एवढे सांगून भागत नाही. क्रमांक सांगितला तरच ते उद्या बाजारात आपले म्हणून ओळखता येईल. चोरीच्या घड्याळांची क्रमांकवार नोंद ठेवणारी एक मोठी यादी लंडनमध्ये चालते, तीही याच आधारावर. आणि क्रमांकाशेजारी दोन ओळी जरूर लिहा: कोणाचे, कोठून आले, कोणी सांगितले. ऐकीव असेल तर ‘ऐकीव’ असे लिहा; त्यात कमीपणा नाही. नुसता आकडा मुका असतो आणि नुसती कथा सैल असते. शेजारीशेजारी ठेवली की एकमेकींना सांभाळतात.

खंडेनवमीला आपण घरातली शस्त्रे, अवजारे, वह्या पूजेत मांडतो. गेल्या खंडेनवमीला आत्यांनी पाटावर पणजोबांची वही ठेवली आणि तिच्यावर ते घड्याळ. हळदकुंकू वाहून झाल्यावर त्यांनी माझ्या नातीला जवळ बोलावले आणि घड्याळाची कथा सांगावयास सुरुवात केली. मी कान देऊन ऐकत होतो. तालुकदारसाहेब कथेतून गेले होते. बैलगाडी, नदी, नागपूरचा बाजार आला होता. बैल मात्र माझ्या माहितीपेक्षा दोन अधिक झाले होते. असो, तेवढे चालावयाचेच!